पोस्टरवरचा डावा हात

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि तिचा हात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

मध्यरात्र, स्मशान असलं काही यात नाही. सुरुवात झाली ती मंगळवारी सकाळी अकरा वाजता... भर उजेडात.

घरात तिला सगळे बारकी म्हणतात. ती मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एका काल्पनिक सिनेमाचं पोस्टर करायचं होतं. मॅडमची अट एकच. फोटो स्वतः काढलेला हवा, इंटरनेटवरून उचललेला चालणार नाही.

बारकीनं सिनेमा ठरवला खुनाचा. आणि खुनी ठरवला स्वतःचा दादा.

दादा म्हणजे सहा फुटी धिप्पाड गडी. मोटरसायकलच्या गॅरेजात कामाला. दिसायला राक्षस, पण इंजेक्शन बघितलं तरी डोळे पांढरे करणारा.

"मी खुनी? अगं, लोक हसून मरतील!" तो म्हणाला.

"मग तर खुनीच झालास की. चेहरा अंधारात ठेवणार आहे, तू फक्त हातोडा उगारून उभा राहा."

जागा तिनं शोधली होती. गावाबाहेरचा बंद पडलेला छापखाना. वॉचमनकाकांनी कुलूप काढून दिलं, पण स्वतः उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"अर्ध्या तासात आटपा. आणि मागच्या बाइंडिंगच्या खोलीत जाऊ नका."

आता जाऊ नका म्हटल्यावर ही दोघं कुठे गेली असतील, ते सांगायला नको.

खोलीत एकच उंच खिडकी होती आणि एक लांब लाकडी टेबल. धुळीत उजेडाचा पट्टा पडला होता. बारकीला हवा होता तस्साच. दादा गॅरेजच्या शर्टात उभा राहिला आणि त्यानं उजव्या हातात हातोडा उगारला.

एक फोटो. दोन. सहा.

सातव्याच्या वेळी...

कुणीतरी जोरात श्वास आत ओढला. मार चुकवणारं माणूस ओढतं तसा.

"तू केलंस?" दादानं विचारलं.

"मला वाटलं तू."

दोघंही हसली. पण सामान भरताना एकानंही दुसऱ्याकडे पाठ केली नाही.

घरी आल्यावर बारकी कॉम्प्युटरवर बसली. सिनेमाचं नाव डावीकडे मोठ्या अक्षरांत उभं हवं होतं आणि नेमका तिथेच हातोडा येत होता. मग तिनं फोटो आडवा उलटवला. आरशात दिसतो तसा. एक क्लिक, बस्स. पोस्टर करणारी मंडळी हे दिवसातून दहा वेळा करतात.

दादाचा उजवा हात डावा झाला.

शुक्रवारी सकाळी वीस पोस्टरं कॉलेजच्या व्हरांड्यात लागली. एकविसावं तिनं घरी फ्रिजवर चिकटवलं. आई पोळ्या करता करता ते निरखून बघत होती.

"काय गं, याच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कधीपासून आला?"

"फोटो उलटवलाय गं आई. खिसा कोण बघतंय?"

कुणीतरी बघत होतं. खिसा नाही... हात.

त्याच दुपारी दादा जेवायला घरी आला. दाराच्या चौकटीला डावा हात टेकवून तो बूट काढत होता. वारा नव्हता. दारातल्या झाडाचं पानही हलत नव्हतं. आणि दार असं आदळलं, की भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं.

त्याची दोन बोटं फुटली. नखं चौकटीलाच राहिली.

आईनं दाराला शिव्या घातल्या, टाके पडले, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

सोमवारी बारकी कॉलेजात गेली तर व्हरांड्यात गर्दी. विसाच्या वीस पोस्टरांवर एकच जागा फोडलेली होती. हातोडा धरलेला हात. कागद गेला होता, मागचं प्लास्टर गेलं होतं, आतली वीट दिसत होती. बाकी चेहरा, अक्षरं, सगळं जसंच्या तसं.

"हे कुणी केलं?" मॅडम शिपायावर ओरडत होत्या.

"काल दिवसभर कुलूप होतं, मॅडम. किल्ली माझ्या खिशात."

दारात चेमटला तोही डावाच हात, हे बारकीला आठवलं. ती तिथूनच घराकडे पळत सुटली.

दारातच तिला आवाज आला. धप्प...

बाथरूममधून.

धप्प... धप्प...

"दादा!"

"हिला धरा!" आतून दादा किंचाळला. "कुणीतरी हिला धरा!"

आई आणि बारकीनं खांदे मारमारून कडी तोडली. आत दादा फरशीवर पालथा पडला होता आणि त्याचा डावा हात कपडे धुण्याच्या दगडावर होता. कुणीतरी दाबून धरावा तसा. पण तिथे कुणीच नव्हतं.

आणि तरी हातावर घाव पडत होते. प्रत्येक घावाला मांस दबत होतं, हाड वाजत होतं. मनगटाजवळून हाडाची एक पांढरी कपची कातडी फोडून वर आली. रक्त बारकीच्या तोंडावर उडालं. आईनं त्या हातावर स्वतःला झोकून दिलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

डॉक्टरांनी अकरा ठिकाणी हाड मोडल्याचं सांगितलं. त्यांनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात कुणी हातोड्यानं मारलं का?"

दादा गुंगीत पुटपुटत होता. "ती म्हणते, हाच हात... हाच तो हात. आता डोकं."

आता डोकं. हे दोन शब्द ऐकले आणि बारकी उठली. तशीच रक्तानं भरलेल्या कपड्यांत रिक्षा करून छापखान्यावर गेली.

"काका, त्या खोलीत काय झालं होतं?"

वॉचमनकाकांनी तिच्या कपड्यांकडे पाहिलं आणि खरं काय ते सांगितलं.

"बाइंडिंगला एक बाई होती. कुणीतरी मारलं तिला. हातोड्यानं. तो पळाला, सापडलाच नाही. त्याचं तोंड कुणी पाहिलं नाही, पण डावखुरा होता, एवढं नक्की. सगळे घाव बाईच्या उजव्या कानशिलावर होते."

बारकीला सगळं जुळत गेलं. अंधारातला चेहरा. तीच खोली. डाव्या हातात हातोडा. माझ्या दादाला खुनी मीच केलं, स्वतःच्या हातानं!

ती एकटीच आत गेली. दुपारचे दोन वाजले होते, खिडकीतून तसाच उजेड येत होता. तिनं मोबाइलवर मूळ फोटो उघडला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, हा बघा खरा फोटो," ती म्हणाली. "तो उजव्या हातानं काम करतो. त्यानं तुम्हाला कधी पाहिलंही नाही. फोटो मी उलटवला. त्याला सोडा. चूक माझी आहे... या हाताची."

तिनं उजवा हात टेबलावर ठेवला.

खोलीत काहीच हललं नाही. बाहेरचे पक्षीसुद्धा गप्प झाले.

मग तिच्या अगदी कानाजवळ... कुणीतरी श्वास सोडला.

पुढचं तिला आठवत नाही. वॉचमनकाका म्हणतात, किंकाळी ऐकली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या खोलीत शिरले. टेबलाची फळी मधोमध चिरली होती. बारकीचा हात मनगटापासून पुढे हात म्हणावा असा उरला नव्हता. डॉक्टरांना तो कापावाच लागला.

दादाला त्या दिवसापासून काही झालं नाही. डावा हात पूर्ण वळत नाही, पण तो गॅरेजात जातो, पोटभर जेवतो, शांत झोपतो. बारकीनं मागितलं तेवढं तिला मिळालं. ती बाई शांत झाली का, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. पोस्टरवरचा हात खोटा निघाला. खरा अजून मोकळाच आहे.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. दुपारची जेवणं चालली होती. मावशी बारकीला घास भरवत होती. वीस वर्षांच्या मुलीला. डॉक्टर सांगून थकले, डाव्या हातानं सुरुवात कर, सहा महिन्यांत लिहायलासुद्धा लागशील. मॅडमनी डावखुऱ्यांचा माऊस पाठवला, तो खोक्यातच पडून आहे.

मी आपलं तिला हसवायला म्हणालो, "काय बारके, किती लाड करून घेशील? डावा हात धडधाकट आहे की."

तिनं तो हात झटकन मांडीखाली दडपला.

"हळू बोल ना रे," ती म्हणाली. "ऐकेल ती."

मावशीनं पुढचा घास उचलला.