बोट फिरवून बघा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. माझी सख्खी मावसबहीण, आमची ताई, खोटं बोलत नाही. एकदाच बोलली, आणि ही त्याचीच गोष्ट आहे.

रविवार. दुपारचे अडीच. औषधाच्या कारखान्यातली तीन नंबरची टाकी. तिच्यात लहान मुलांचं खोकल्याचं औषध ढवळतात. टाकी धुऊन झाली की ताई आतून स्वॅबची, म्हणजे कापसाच्या बोळ्याची, काडी फिरवते आणि ती जंतू वाढवायच्या प्लेटमध्ये तपासायला लावते. तीन दिवसांत प्लेटमध्ये जंतू उगवले, की धुणाऱ्याचं काही खरं नाही.

धुणारे होते चकाचकमामा. वीस वर्षं तेच काम. "ताई, बोट फिरवून बघा, चकाचक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वर्षापूर्वी ताईच्या हातून काडी खाली पडली. नवी आणायची म्हणजे बाहेर जा, पुन्हा सगळे निर्जंतुक कपडे बदला. तिला घरी जायची घाई. तिने तीच काडी उचलून नमुन्याच्या नळीत टाकली.

प्लेटमध्ये पिवळे ठिपके उगवले.

मामांना काढून टाकलं. "मी नीट घासलं होतं हो," ते ताईकडे बघत म्हणाले. ताईने नजर वळवून अहवालाची फाईल मिटली. सहा महिन्यांत मामा गेले.

आणि त्या रविवारी... टाकीतून आवाज आला.

खर्र... खर्र...

कोणीतरी घासत होतं.

टाकीला सील होतं. नवा धुणारा जेवायला गेलेला. ताईने झाकण उघडलं.

आत कोणीच नव्हतं. पण आवाज थांबेना. मग अगदी कानाशी, दमलेल्या सुरात...

"ताई, बोट फिरवून बघा."

तिने कसेबसे नमुने घेतले. शेवटी नियमाप्रमाणे, स्वतःचा हात स्वच्छ होता का हे कळायला, हातमोज्याची पाच बोटं एका प्लेटवर टेकवली.

तीन दिवसांनी टाकीच्या सगळ्या प्लेट कोऱ्या निघाल्या.

फक्त तिच्या बोटांच्या प्लेटमध्ये... पाच पिवळे ठिपके.

साहेब समोरच बसले होते. बोलायची हीच वेळ होती. मामांच्या बायकोला लोक अजून कामचुकाराची बायको म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. तिने पेन उचललं आणि त्या प्लेटपुढे लिहिलं... शून्य.

"लाज वाटते गं स्वतःची," ताई मला म्हणाली. वर बघितलं नाही तिने. "पण तोंडच उघडत नाही."

टाकी तेव्हाही स्वच्छच होती. तरी दर रविवारी, अडीच वाजता, मामा ती घासतायत. हल्ली म्हणे जरा जास्तच जोर लावून.