शून्य कुणाचं?

नागपूरच्या गंधमापन प्रयोगशाळेत त्या सकाळी दोन बायका डब्याएवढ्या एका यंत्राकडे रागानं बघत होत्या. यंत्रानं कंपवात ओळखायचा होता. हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी, त्वचेच्या वासावरून.

पाचही रुग्णांचा आकडा आला शून्य. ठणठणीत माणसांचा, म्हणजे डॉ. इरावती सबनीस आणि फाटकावरचे मेश्रामकाका यांचा, उणे चाळीस.

"उणे वास कुठे असतो का गं?" कुसुमताई लोणारे म्हणाल्या. वीस वर्षं इथल्या तंत्रज्ञ. यंत्रातली प्रत्येक गंधपट्टी त्यांनीच छापलेली. "माझंच चुकलं. हात गेला माझा."

"ताई, पहिल्यापासून बोलू," इरावती म्हणाली. "पट्टी कशी करता?"

"परीक्षा घेतेस? रोगाच्या वासाचा रेणू घ्यायचा, त्याच्याभोवती पातळ प्लास्टिक छापायचं. ते घट्ट झालं की रेणू धुऊन काढायचा. मागं त्याच्याच मापाची पोकळी उरते. मोदकाच्या साच्यात मोदकच बसणार, करंजी नाही."

"आणि शून्य?"

"कोऱ्या नमुन्यावरून. निरोगी माणसाच्या कपाळावरून फिरवलेला कापूस. त्याचा आकडा यंत्र सगळ्यांतून वजा करतं."

कोरा नमुना कुणाचा, हे विचारायची इथे पद्धतच नव्हती. पहिल्या पट्टीपासून तो कुसुमताईंचा. त्यांच्यापासून सुरुवात केली की काम साधतं, ही शास्त्रज्ञांनीही गुपचूप पाळलेली श्रद्धा.

इरावतीनं त्या नमुन्याची बाटली उचलली. "ताई, आताशा तुमचं अक्षर मुंगीएवढं झालंय. भिंग लागतं वाचायला," ती हसली, आणि हसू अर्ध्यातच राहिलं. अक्षर बारीक होत चाललंय का? रुग्णांच्या प्रश्नावलीत हा प्रश्न तिनंच घातला होता.

तिनं स्वतःच्या कपाळावरचा कापूस कोरा नमुना म्हणून लावला, आणि ताईंचा रुग्णांच्या रांगेत तपासायला ठेवला. मेश्रामकाका शून्य. रुग्ण चाळीस.

कुसुमताई चाळीस.

"पट्ट्या बरोबर आहेत, ताई," ती कसंबसं म्हणाली. "तुमचा हात चुकलेला नाही."

"म्हणजे शून्य चुकलं होतं." कुसुमताई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "रडू नकोस, नमुन्यात पाणी जाईल. आता औषध सुरू केलं तर हात किती वर्षं चालेल?"

"पंधरा. वीससुद्धा."

"मग पुष्कळ पट्ट्या होतील."

त्यांनी नवं लेबल ओढलं आणि ओठ मुडपून, एकेक अक्षर मुद्दाम मोठं काढत लिहिलं: कोरा नमुना, इरावती.