न गळणाऱ्या एसीची तक्रार

अब्बांनी फुजैलला जावई म्हणून कबूल केलं, आणि तेही लाल माठाच्या भाजीचे दोन घास खाऊन.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्ता फेब्रुवारीचा पहिला आठवडा चालू आहे, कतारच्या अल वक्रामधल्या आमच्या व्हिलात सात बिऱ्हाडं आहेत, आणि फुजैल नावाच्या कुणाही माणसाला मी ओळखत नाही.

मी ओळखते ते माझ्या अब्बांना. अबूबकर त्यांचं नाव, आणि माझ्याबद्दल त्यांचं एकच ठाम मत : हनिया कुठलीही गोष्ट तीन आठवड्यांपुढे नेत नाही. पुरावे त्यांच्या बाजूने होते. जिम, केकचा क्लास, अरबी सुलेखन. त्यामुळे राजापूरच्या एका मुलाचं स्थळ आलं आणि मी म्हटलं, ‘आधी नोकरीत जम बसू दे,’ तेव्हा ते म्हणाले, ‘किती, तीन आठवडे?’

मग आमच्यात करार झाला. पैज हराम, म्हणून करार. रमजानचा चाँद दिसायच्या आत मी एकटीनं, स्वतःच्या हातानं पिकवलेली भाजी त्यांच्या ताटात पडली, तर राजापूरला नकार. नाही पडली, तर ईदच्या सुट्टीत मी राजापूरच्या सोफ्यावर, हातात सरबताचा ट्रे.

हाताशी पाच आठवडे होते. अम्मीनं रत्नागिरीहून आणलेलं लाल माठाचं बी होतं. कंपाउंडच्या भिंतीलगत एका पलंगाएवढी माती होती. पाणी मात्र नव्हतं, कारण नळाचं पाणी झाडांना घालू नये अशी मालकाची नोटीस होती, आणि सात बिऱ्हाडांत टाकी एक.

बी पेरलं त्या दिवशी फेब्रुवारीला आपण मे आहोत असं वाटत होतं. एकतीस डिग्री. मी वाफ्यापाशी वाकून माती सारखी करत होते, आणि मानेवर टपकन थेंब पडला. थंडगार. मग दुसरा...

वर पाहिलं. वरच्या बाल्कनीतून एक तरुण वाकला होता, दातात स्क्रूड्रायव्हर.

‘‘सॉरी,’’ तो स्क्रूड्रायव्हरसकट म्हणाला. ‘‘एसीचा पाइप सुटलाय. दोन मिनिटांत बसवतो.’’

‘‘बसवू नका.’’

त्यानं स्क्रूड्रायव्हर दातातून काढला. त्याच्यामागे अडकलेलं हसू होतं, तेही सुटलं.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘गळू दे. बरोबर वाफ्यावर पडतंय. थोडं डावीकडे घेतलंत तर अजून बरं.’’

‘‘सहा वर्षं एसीच्या कामात आहे,’’ तो म्हणाला. ‘‘गळू दे म्हणणारं गिऱ्हाईक आज भेटलं.’’ आणि पाइप थोडा डावीकडे घेतला.

हा फुजैल. एसी मेंटेनन्सच्या कंपनीत सुपरवायझर, गाव दापोली, गेल्याच महिन्यात भावाकडे राहायला आलेला. मी रीतसर आभार मानले, ‘शुक्रन, फुजैलभाई.’ आमच्यात शेजारच्या मुलाला भाई म्हणतात. ते एक प्रकारचं कुंपण असतं... दोन्ही बाजूंनी सोयीचं.

दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीला आपण डिसेंबर असल्याचं आठवलं. सोळा डिग्री. अख्ख्या व्हिलाचे एसी बंद. पाइप कोरडा, माती कोरडी, आणि अब्बा खिडकीतून ‘खलास?’ असं प्रेमानं विचारणारे. तिसऱ्या दिवशी मी वर गेले आणि बेल वाजवली.

‘‘फुजैलभाई, तक्रार आहे. तुमचा एसी गळत नाहीये.’’

त्यानं गंभीरपणे खिशातून पेन काढलं. ‘‘कधीपासून गळत नाहीये?’’

‘‘दोन दिवस.’’

‘‘याआधी कधी न गळण्याचा त्रास?’’

‘‘नाही. याआधी व्यवस्थित गळायचा.’’

‘‘थंडी आहे हो. आम्ही लावलेलाच नाही.’’

‘‘ते माझ्या माठाला कोण सांगणार?’’

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या पेनाकडे. पेनाला टोपण नव्हतं आणि त्याच्या तळहातावर निळी रेघ उमटत होती, हे त्याच्या लक्षातच नव्हतं. का कोण जाणे, मीही सांगितलं नाही.

‘‘बघतो,’’ तो म्हणाला. ‘‘इन्शाल्ला.’’

आमच्या इमारतीत मेंटेनन्सवाल्याचं इन्शाल्ला म्हणजे नाही. पण संध्याकाळी पाच वाजता पाइपातून थेंब पडला. टप्... मग जरा वेळानं, टप्. रोज पाच वाजता. वर आकाशात थंडी असो, वारा असो, थेंब ठरलेल्या वेळी हजर. आठव्या दिवशी माठ उगवला, एवढासा, लालबुंद, लाजल्यासारखा.

मी रोज पाचला खाली जायचे. तो रोज पाचला बाल्कनीत यायचा. अंगात स्वेटर, मग स्वेटरवर जॅकेट, मग जॅकेटवर शाल.

‘‘तुम्हाला थंडी जरा जास्तच वाजते, नाही?’’

‘‘दापोलीचा आहे. सवय नाही.’’

‘‘दापोलीलाच सगळे थंडी खायला जातात.’’

‘‘म्हणून तर सोडून आलो,’’ तो म्हणाला, आणि शिंकला.

मग वादळ आलं. दुपारी आकाश हळदीच्या रंगाचं झालं, वाळू उडायला लागली, आणि मी ऑफिसात, अल रय्यानला. घरी पोचले तेव्हा वाफ्यावर एक पलंगपोस ताणून बांधलेला होता, गुलाबी, मोर असलेला. खाली माठ सुखरूप. वाळूनं पांढऱ्या पापण्या झालेला फुजैल भिंतीला टेकून बसला होता.

‘‘भाभीचा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘रुखवताचा. तिला अजून माहीत नाही.’’

दोन दिवसांनी गारा पडल्या. कतारमध्ये. सात मिनिटं. अर्धा माठ आडवा झाला. मी वाफ्याशी बसून, स्वतःला कळू न देता, रडले. तेवढ्यात वरून त्याची भाभी, रिफतभाभी, खाली आली. हातात तो मोरांचा पलंगपोस.

‘‘हनिया, गो, एक विचारू? तुझी ही भाजी कधी निघणार?’’

‘‘का, भाभी?’’

‘‘आमच्या घरात काश्मीर झालंय म्हणून. हा रोज कामावरून येतो, खोलीचं दार लावतो, एसी सोळावर ठेवतो आणि किटली उकळत बसतो. विचारलं तर म्हणतो, नुसत्या थंड हवेत पाणी गळत नाही, खोली दमट लागते. एका बाजूनं वाफ, दुसऱ्या बाजूनं बर्फ, मध्ये हा रजईत. वीस दिवस शिंकतोय. मी म्हटलं, मेल्या, सरळ बादलीभर पाणी दे की तिला. म्हणतो, टाकीचं घालायचं नाही, ती नियमानं वागते.’’

मी डोळे पुसले. उरलेला माठ मोजला. पुरेसा होता... एका ताटापुरता.

चाँद दिसायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाला, अम्मीनं लसूण घालून भाजी केली. शिजून ती तीन चमचे झाली. तिन्ही चमचे अब्बांच्या ताटात. अम्मी पदराआडून बघत होती. अब्बांनी एक घास घेतला, डोळे मिटून चावला.

‘‘माठ आहे,’’ त्यांनी निकाल दिला. ‘‘रत्नागिरीचाच. तू एकटीनं केलास?’’

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एका अक्षरात राजापूर टळत होतं. आणि वरून, बरोबर त्याच क्षणी, कुणीतरी शिंकलं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘माती माझी, मेहनत माझी. पण पाणी फुजैलनं घातलं.’’

अम्मीच्या हातातला चमचा थांबला. मला वाटलं, कराराच्या भंगामुळे. मग कळलं. ‘भाई’ म्हणायचं राहिलं होतं. भर जेवणात, अब्बांच्या समोर, कुंपण पडलं होतं आणि ते मीच पाडलं होतं.

‘‘फुजैलनं,’’ अब्बा सावकाश म्हणाले.

‘‘हो.’’ यल्ला, आता काय व्हायचं ते होऊ दे. ‘‘थंडीत एसी लावून. महिनाभर. वादळात झाकलाही त्यानंच.’’

‘‘म्हणजे करार हरलीस.’’

‘‘हरले.’’

‘‘मग ईदला गावी जावं लागेल.’’

‘‘जाईन. पण सरबत देणार नाही. आणि नकार मी स्वतः सांगेन, सगळ्यांसमोर.’’

अब्बांनी दुसरा घास घेतला. तो फार वेळ चालला. तीन चमच्यांची भाजी माणूस इतका वेळ खाऊ शकतो हे मला नवीन होतं.

‘‘जो मुलगा न बोलता महिनाभर एक काम करतो,’’ ते शेवटी अम्मीला म्हणाले, ‘‘आणि आपल्या पोरीला पाच आठवडे एका जागी बसवतो... नजमा, हे आपल्याला सव्वीस वर्षांत जमलं नाही.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘त्याची आई कुठं असते?’’

‘‘दापोलीला.’’

‘‘मग ईदला दापोली. राजापूरला फोन मी करतो. जा, त्याला सांग आता तो एसी बंद कर म्हणून. न्युमोनिया झालेला जावई मला चालणार नाही.’’

मी जिन्यानं वर पळाले. दार त्यानंच उघडलं, रजई पांघरून, नाक माठापेक्षा लाल. मागून किटलीची वाफ.

‘‘तक्रार?’’ त्यानं विचारलं.

‘‘अब्बा म्हणतायत, एसी बंद करा.’’

त्याचा चेहरा उतरला. ‘‘भाजी... जमली नाही?’’

‘‘जमली. तुम्हीही जमलात. फुजैल, तुमच्या आईला फोन करून सांग, ईदला आम्ही येतोय.’’

एकाच वाक्यात मी ‘तुम्ही’ सोडून ‘तू’वर आले होते. त्यानं ते ऐकलं, नीट ऐकलं, आणि रजई खांद्यावरून घसरली तरी उचलली नाही.

‘‘परत म्हण,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘माझं नाव. मागे काही न लावता.’’

म्हटलं. तीनदा. चौथ्यांदा तो शिंकला.

आता एप्रिल संपत आला आहे, निकाह ऑगस्टात आहे आणि पारा चाळिशीला टेकला आहे. म्हणून हा अर्ज.

प्रति, कतारमधील हवामानाची व्यवस्था पाहणारे मा. अधिकारी. विषय : यंदाचा उन्हाळा रद्द करणेबाबत. महोदय, उन्हाळ्यात अल वक्रातील सर्वच एसी गळतात. त्यांतील कोणता नाइलाजानं गळतो व कोणता प्रेमानं, हे खालून पाहणाऱ्या व्यक्तीस ओळखता येत नाही. तरी चालू वर्षीचा उन्हाळा तात्काळ मागे घेऊन फेब्रुवारी महिन्यास ऑगस्टअखेर मुदतवाढ द्यावी, ही विनंती.