आगाशीच्या शिबिरात एक पिशवी कमी

पिशवी सापडली आणि कुणी दगावलं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. रेवानंही वाचलेलं नव्हतं, म्हणून आगाशीच्या शाळेतलं रक्तदान शिबिर आवरताना तिचे हात गार पडले होते.

ती रक्तपेढीची तंत्रज्ञ. थंड खोक्यातली रक्ताची एक पिशवी गायब होती. नंबर जुळवल्यावर कळलं, उमंगची. म्हणजे आयोजक काशिनाथकाकांच्या पुतण्याची. ती बाहेर जाऊन कुणाला चढली तर?

"पलीकडच्या मंडळाचं काम," काका म्हणाले.

"पण उमंगचीच का, काका?"

"घराण्याचं रक्त आहे, मॅडम. डोळ्यांत खुपतं त्यांच्या."

रेवा आठवत राहिली. "औषध कुठलं चालू आहे?" असं सकाळी तिनं उमंगला विचारलं, तर त्याच्या खांद्यावर हात टाकून काकाच बोलले होते, "साधी तापाची गोळी घेत नाही आमचा पोरगा." काका सगळ्या घराची उत्तरं देत होते. बायकोचं, सुमनकाकूंचं वजनही त्यांनीच सांगितलं, तेही कमी करून. आणि रक्त देऊन झाल्यावर उमंग बिस्किटाला हात न लावता खोक्यापाशी घुटमळत होता.

तिनं त्याला रिकाम्या वर्गात बोलावून दार लावलं.

"पिशवी कुठाय?"

"मला काय माहीत, ताई?"

"इतक्या पिशव्यांतून नेमकी तुझीच कुणाला हवी असेल? ती कुणालाच चढू नये असं ज्याला वाटतं, त्याला. कुठली गोळी घेतोस?"

उमंग पहिलीच्या बाकावर कसाबसा बसला. गुडघे हनुवटीला टेकले.

"एचआयव्ही होऊ नये म्हणून घेतात ती. प्रेप. मला काही झालेलं नाही, टेस्ट क्लिअर आहे. पण ती चालू असताना रक्त द्यायचं नसतं, हे मी नंतर नेटवर वाचलं. आणि आधी माहीत असतं तरी काका बाजूला. बोलणार काय?"

"गोळी चांगलीच आहे, बंद करू नकोस. पण तरीही क्वचित लागण झालीच, तर त्याच गोळीमुळे ती चाचणीत चटकन दिसत नाही. मला हळूच सांगितलं असतंस, तर मीच पिशवी बाद केली असती. ठेवलीस कुठं?"

"कोकम सरबताच्या पिंपात. तिथं बर्फ होता. आणि रंगही जुळला."

रेवानं खिडकीतून पाहिलं. काका तिसरा ग्लास भरत होते.

"सीलबंद आहे, ताई," उमंग पुटपुटला. "काकांना सांगू नका. घराबाहेर काढतील मला."

पिशवी रक्तपेढीच्या कचऱ्यात गेली, सरबत मोरीत. 'पिशवी माझ्याच हातून फुटली' असं सांगून रेवानं काकांची बोलणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पत्र धाडलं:

'मा. आयोजक श्री. काशिनाथ यांस, पुढील शिबिरात दात्यास प्रश्न विचारताना त्याच्याजवळ कोणीही नातेवाईक, विशेषतः काका, उभा राहू नये. तरी आपल्या सहीने मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'