मनात येईल ते बोल

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या त्या खड्या चढावर ऐनोची गाडी अडकली, तेव्हा बर्फ अजून भुरभुरत होतं. चाकं नुसती जागच्या जागी फिरत होती. तेवढ्यात मागच्या काचेवर दोन हात टेकले, एक लाल कानटोपी दिसली... आणि गाडी हलली.

"थांबू नका!" मागून ती टोपी ओरडली. "थांबलात की पुन्हा घसराल!"

म्हणून ऐनो थांबली नाही. आभार मानायचे राहूनच गेले. आरशात लहान होत गेलेली ती टोपी मात्र दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी तीच टोपी तिला पालिकेच्या कार्यालयात खुंटीला टांगलेली दिसली. बर्फ हटवणाऱ्या गाड्या कुठल्या रस्त्यावर धाडायच्या, हे ठरवणारी माणसं तिथे बसत. टोपीचा मालक तेंग वांग त्यांच्यातलाच. आणि ऐनो मिनियापोलिसहून आली होती ती त्यांचाच डॅशबोर्ड, म्हणजे गाड्यांची माहिती दाखवणारा संगणकावरचा पडदा, नव्याने बांधायला. जुना अगदी भिंतीवरच्या चित्रासारखा होता, नुसता बघत बसायचा. ऐनोला तो बोलका करायचा होता. नकाशात रस्त्यावर क्लिक केलं की गाडी तिथे कधी येऊन गेली ते कळावं, एखादा भाग निवडला की शेजारचे आलेखही बदलावेत.

"कालचे आभार आज चालतील का?" तिने त्याला गाठून विचारलं.

"शिळे झालेत," तो गंभीरपणे म्हणाला. "कॉफीत बुडवून चालतील."

तेव्हापासून तेंग रोज तिच्या टेबलाशी हजर! वेळ मागेपुढे सरकवायची पट्टी जाड कर. हा निळा फार उदास आहे, बदल. दोन दिवसांनी — आधीचाच निळा बरा होता गं. एकदा तर नुसताच येऊन उभा राहिला, "ते... बटण..." म्हणाला आणि "जाऊ दे" म्हणून निघून गेला.

याला नक्की हवंय तरी काय? ऐनोला उलगडेना. आणि त्याची पावलं ऐकू आली की आपला हात आपोआप केसांकडे का जातो, हे तर त्याहून उलगडेना.

शेवटचा आठवडा उजाडला. शनिवारी ती परत जाणार होती. उरली होती फक्त चाचणी. वापरणाऱ्याने डॅशबोर्ड वापरता वापरता मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि बनवणारीने तोंड मिटून टिपणं घ्यायची, अशी तिची पद्धत. सगळ्यांत शेवटी तेंग आला.

"मनात येईल ते? काहीही?"

"काहीही. पण मी उत्तर देणार नाही हं. मदतही नाही."

"बरं." त्याने खुर्ची ओढली. "तळ्याकाठचा भाग निवडतोय. वा, आलेख बदलला. आता पट्टी मागे ओढतो... अरे! नकाशा कुठे गेला सगळा?"

दोन निवडी एकमेकींवर चढल्या होत्या आणि पडदा कोरा झाला होता. ऐनोची जीभ नुसती वळवळत होती.

"आता मी गोंधळलोय. मागे कसं जायचं तेच दिसत नाही. हे दाबू? नको... बनवणारीने पेन चावायला घेतलंय, म्हणजे माझं चुकतंय."

ऐनोने पेन खाली ठेवलं.

"आता पेन खाली ठेवलं. आता तिचे कान लाल झालेत." मग पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "खरं तर मी पहिल्या दिवसापासून गोंधळलोय. त्या निळ्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. जाड पट्टीशीही नाही. पण इथे यायला काहीतरी कारण लागतं ना... शनिवारनंतर कुठलं कारण काढायचं, ते सुचत नाहीये."

ही गंमत? की चाचणी? की...? सवयीने ऐनोच्या हाताने लिहिलं, 'निवड पुसायची सोय नाही.' तेंगने ते लिहिणं पाहिलं.

"झालं माझं," तो हळूच म्हणाला आणि उठून गेला.

दार बंद झालं तशी ती भानावर आली आणि कोट न घेताच धावली. खाली आवारात गाड्यांमध्ये रस्त्यावरचं बर्फ वितळवायचं मीठ भरणं चालू होतं. तेंग भिंतीशी उभा होता.

"ते... खरं होतं का?" ती धापा टाकत म्हणाली.

"तू काहीच बोलली नाहीस."

"चाचणीत मी बोलायचं नसतं!"

"असं कोण म्हणालं?"

"मीच..."

तो हसला. हसता हसता स्वतःचा कोट काढून त्याने तिच्या खांद्यांवर टाकला.

"हे बघ, मला काही म्हणजे काही कळत नाहीये," ऐनो म्हणाली. "तू आवडतोस की तुझी कटकट, तेही सांगता येत नाही. पण रविवारी तू दिसणार नाहीस, सोमवारीही नाही... ते मला नकोय."

"मग मिनियापोलिस?"

"कंपनीला विचारावं लागेल. इथे खोली शोधावी लागेल. आई ओरडेल."

"म्हणजे हो?"

"म्हणजे... माहीत नाही रे!" असं म्हणत तिने आपले बर्फासारखे हात सरळ त्याच्या मानेवर ठेवले.

तेंग किंचाळलाच. "केवढे गार आहेत!"

"काढू?"

"नको," तो म्हणाला.