कौशल्याबाईंचा राघू

"अण्णा, मी विष घातलं म्हणतात, ह्या हातानं!" सगुणाबाईंनी दोन्ही हात टेबलावर आपटले.

खासगी गुप्तहेर विद्याधर नाडगौडा शांतपणे ऐकत होते. त्यांचा मदतनीस उपेंद्र मात्र तापला होता. सगुणाबाई बंगळूरात यशवंतपूरला इंजिनियर चंद्रकांत देवधरांकडे स्वयंपाकाला होत्या. काल देवधरांच्या आईचा, कौशल्याबाईंचा राघू मेला. पिंजऱ्यात सगुणाबाईंनी ठेवलेली पेरूची फोड होती, तेवढ्यावर चंद्रकांतने त्यांना हाकललं. वर ओळखीच्या चार मराठी घरांत तसं सांगूनही आला. आता त्यांना दारात कोण उभं करणार? गरिबाची अब्रू काय रस्त्यावर पडलीय? उपेंद्रच्या मस्तकात तिडीक गेली.

बाईंना घेऊन दोघे देवधरांकडे पोचले. फाटकाशी गुलाब फुलले होते. मुळाशी अंड्यांची टरफलं चुरून टाकली होती.

"झकास खत," विद्याधर म्हणाले. खताचं कौतुक करायची ही वेळ होती का?

स्वयंपाकघरात चंद्रकांतने अमेरिकेहून परतताना आणलेला ओव्हन होता. स्वतःच स्वतःला साफ करणारा. १९६६ साली असलं यंत्र बंगळूरात कोणी पाहिलंय!

"काल दुपारी मीच साफ करायला लावला," चंद्रकांत खोकत म्हणाला. "दाराला आपोआप कुलूप लागतं. आत भयंकर तापून खरकट्याची राख होते."

"खिडक्या?" विद्याधरांनी विचारलं.

"बंद होत्या. जळका वास शेजारी जायला नको."

"खोकला कधीपासून?"

"कालपासून. अंगात तापही आहे. त्याचं काय?"

कौशल्याबाईंचे डोळे सुजले होते. "आमच्या घरात कधी अंडं शिरलं नाही. त्या पेटीत परदेशात काय काय भाजलं असेल, म्हणून मी आणि सगुणाबाई तिला शिवतसुद्धा नाही. राघूचा पिंजरा मात्र तिथंच, ओट्याशेजारी."

विद्याधरांनी पिंजरा पाहिला, ओव्हनची माहितीपुस्तिका चाळली आणि उपेंद्रच्या कानात काहीतरी सांगितलं. उपेंद्र घरभर शोधून न्हाणीघरातल्या बंबामागून एक करपलेला तवा घेऊन आला.

"फोडीवर चोचीचा ओरखडाही नाही," विद्याधर म्हणाले. "राघूनं पेरू खाल्लाच नाही. विष हवेत होतं."

"हवेत? ते कसं?" चंद्रकांतने विचारलं.

"पुस्तिकेत लिहिलंय, आतली भांडी काढा, खिडक्या उघडा. तुम्ही दोन्ही केलं नाही. पाखरू तर त्या खोलीतच नको होतं. अंडी खात नाहीत त्या घरात टरफलं कुठून आली? तुम्ही चोरून अंडी तळत होता. आणि तवा ओव्हनमध्ये लपवत होता, कारण आई आणि बाई त्याला हात लावत नाहीत. काल तो काढायला विसरलात. हा अन्न चिकटू नये म्हणून लेप दिलेला तवा आहे. एवढ्या आचेवर त्याचा लेप जळला की विषारी वाफ सुटते. माणसाला खोकला आणि ताप येतो, पाखराचा जीव जातो."

चंद्रकांत पुटपुटला, "दार उघडल्यावर तवा दिसला, तो बंबामागे टाकला... आईला कळलं असतं तर..."

"म्हणून बाईंच्या नावावर खपवलंत?" उपेंद्र कडाडला. "अंड्याची लाज वाटली, खोट्या आळाची नाही?"

"बाई, चुकलो. उद्यापासून या."

"मला काय सांगताय?" सगुणाबाई पुढे सरसावल्या. "चार घरांत मला विष घालणारी केलासा. तिथं जाऊन सांगा की!"

कौशल्याबाई उठल्या आणि त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"चल."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. तू बोलायचं, मी आणि सगुणाबाई ऐकणार. चारही घरांत."