दोन वेढे

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं दोन महिन्यांचं लेकरू नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, उकाड्यात ना खाटेवर झोपे, ना जमिनीवर. शेवटी आईनं जुनं नऊवारी पातळ काढून झोळी केली, आणि जेवणं उरकल्यावर तिच्या लक्षात आलं की छताच्या कडीला ती टांगायला घरात धड दोरी नाही.

"जाय वं, मोठेबाबाकडून घेऊन ये," आई म्हणाली. "त्यांच्या घरी मागाच्या दोऱ्या पडून असतात."

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, मारोतराव. तांडापेठेत आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. घर कोष्ट्याचं, पण माग केव्हाच बंद पडला. आता त्यावर गाद्या रचून ठेवतात. हे १९८७ च्या मे महिन्यातलं. मी पोचले तेव्हा गच्चीवर पाणी मारून बाजा टाकल्या होत्या, मोठेबाबा मधल्या बाजेवर आणि त्यांचे दोन नातू दोन बाजूंना.

"मोठेबाबा, दोरी द्या. झोळीले पाहिजे."

ते उठायच्या बेतात होते. झोळीचं नाव ऐकून परत बसले.

"बांधणार कोण?"

"मीच. अजून कोण?"

"मग बस थोडी."

"लेकरू रडून राहिलं तिकडे."

"रडू दे. रडणारं लेकरू बरं असते. बस म्हटलं ना."

वडीलधाऱ्यांचं हेच मला सहन होत नाही. दोरी मागितली की गोष्ट मिळते, पाणी मागितलं की उपदेश. नातू तर लगेच उशा घेऊन सरकले; मोठेबाबांची रात्रीची गोष्ट म्हणजे भूत येणारच. मी बाजेच्या कडेवर टेकले, चपला पायातच ठेवून.

"देवाजी आठवते काय तुले? आमच्या बाजूच्या घरातला."

आठवत होता. सगळ्या तांडापेठेत समुद्र पाहिलेला तो एकच माणूस. बापाचा माग सोडून मुंबईला गेला आणि मालाच्या जहाजावर लागला. ग्रीसच्या बंदरात ते जहाज भंगारात निघालं. बाकीचे खलाशी घरी परतले, हा राहिला. कारण धक्क्यावर एक म्हातारा कप्तान फाटलं शीड मांडीवर घेऊन बसला होता. देवाजीनं त्याच्या हातातली सुई घेतली आणि ते शीड असं रफू केलं की फाटलं कुठं होतं ते कप्तानालाच सापडेना. त्यानं देवाजीला उन्हाळाभर आपल्या शिडाच्या बोटीवर ठेवून घेतलं. १९८१ चा उन्हाळा.

"काम काय तर हौशी लोकायले या बेटावरून त्या बेटावर न्यायचं," मोठेबाबा म्हणाले. "बेटं कशी, तर रामटेकच्या टेकड्या पाण्यात बुडवाव्या अन् नुसती शेंडी वर ठेवावी, अशी. अन् समोर तुर्कस्तानचा किनारा. काही ठिकाणी तर इथून कामठीपेक्षा जवळ."

"मंग पोहून जाता येते?" धाकट्या नातवानं विचारलं.

"जात होते ना लोक. तेच तर सांगून राहिलो."

आदल्या वर्षी तुर्कस्तानात लष्करानं राज्य हाती घेतलं होतं, आणि तिथली माणसं रात्री चोरून या बेटांकडे पळत होती. हे मी पेपरमध्ये वाचलं होतं, म्हणून मध्ये बोलले नाही.

"आता सांग, आपली गाठ येते ना तुले?"

ही काय विचारायची गोष्ट आहे. तुटलेला धागा सांधायची कोष्ट्याची गाठ मला नाव लिहिता येण्याआधी येत होती. दोन टोकं चिमटीत धरायची, एक वेढा द्यायचा, ओढायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत बसते.

"तीच गाठ त्या बोटीवर होती," मोठेबाबा म्हणाले. "हुबेहूब. देवाजी पाहतच राह्यला. पण कप्तान एकाऐवजी दोन वेढे घेई. म्हणे, ही दोरी नायलॉनची, त्यात ओली. एका वेढ्यानं सरकते. देवाजी हसला. म्हणे, आमच्या घरात पिढ्यानपिढ्या याच गाठीवर लुगडी निघाली. कप्तानाले त्याची बोली समजे ना, म्हणून तो रोज नुसती दोन बोटं वर करून दाखवे. हा रोज हसे."

खाली गल्लीत कोणीतरी बादली सरकवली. मोठेबाबा तेवढं थांबले.

ऑगस्टमधली रात्र. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळून बोट बेटाकडे परत येत होती. वारा उत्तरेचा, जोराचा. अंधारातून हाक आली. एक होडी उलटली होती आणि एक माणूस पाण्यात होता. एका हातानं पोहत होता. दुसऱ्या हातानं त्यानं डोक्यावर एक बोचकं धरलं होतं, ते भिजू नये म्हणून.

वाऱ्यामुळे शिडाची बोट जागच्या जागी वळवता येईना. एक दोरी पुरत नव्हती. कप्तान ओरडला आणि देवाजीनं दोन दोऱ्या सांधल्या. पातं लवायच्या आत. एक वेढा.

दोरी फेकली. माणसानं ती धरली. एकाच हातानं... बोचकं काही त्यानं सोडलं नाही. दोघं ओढू लागले. तो जवळ आला. त्याचं तोंड दिसू लागलं. दाढी दिसली.

मग लाट आली. दोरी ढिली पडली, पुन्हा ताणली...

"अन् हलकी झाली," मोठेबाबा म्हणाले.

दोरी तुटली नव्हती. देवाजीच्या हातात तिचं शाबूत टोक आलं. उजाडेपर्यंत ते तिथंच घिरट्या घालत राहिले. काही सापडलं नाही. कप्तान रागावला नाही. सकाळी त्यानं देवाजीकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली. तेवढंच.

"यात भूत कुठं आहे?" मी म्हटलं. "चूक आहे. समजावून सांगितलं होतं, ऐकलं नाही."

"दम धर वं. तुले सगळं आधीच माहीत राह्यते."

देवाजी दिवाळीला घरी आला. परत गेला नाही. बापाचा माग पुसून पुन्हा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. पुढच्या पावसाळ्यात त्याला मुलगा झाला. पाच-सहा महिने सगळं ठीक. मग घरातल्या गाठी सुटू लागल्या.

आधी सुताच्या गठ्ठ्याची. मग वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीची. मग एका सकाळी मागावर बसला तर ताण्यातले सांधलेले सगळे धागे सुटलेले. तुटलेला एकही नव्हता. नुसत्या गाठी मोकळ्या, आणि टोकं ओलसर.

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"प्रेमिलाही तेच म्हणे, त्याची बायको. पण उंदीर कुरतडते. गाठ सोडत नाही. मी सोता पाह्यलं."

"मग त्यानं दोन वेढे द्यायचे ना. त्यात काय कठीण आहे?"

मोठेबाबा उशीला टेकले.

"मीही त्याले तेच म्हटलं. तो म्हणे, हातच वळत नाही. एक वेढा झाला की बोटं आपोआप ओढतेत. अन् दुसरं... दोन वेढे दिले म्हणजे कबूल केल्यासारखं झालं असतं ना. की त्या रात्री माह्या हातानंच झालं म्हणून."

मोठा नातू आता उठून बसला होता.

"मग अमावास्या आली असेल," मी म्हटलं. खरं तर मला चिडवायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

"नाही. पौर्णिमा. २६ मे १९८३, गुरुवार. नवतप्याचा दुसरा दिवस. सुई ओवता येईल एवढं चांदणं होतं."

प्रेमिलाला दुपारी ऊन लागलं होतं. ती अंगणात खाटेवर, कपाळावर ओली पट्टी घेऊन पडलेली. मुलगा आत, मागाच्या खोलीत, तुळईला टांगलेल्या झोळीत. देवाजी झोळीखाली बसला होता. संध्याकाळपासून घरातली एकेक गाठ सुटत आली होती. कंदिलाची. पडद्याची. प्रेमिलाच्या पोलक्याची. आता घरात बांधलेली एकच गाठ उरली होती.

"मग लेकरू खाली काढून घ्यायचं," मी म्हटलं.

"काढलं होतं. दोनदा. जमिनीवर ठेवलं की किंचाळून उठे. झोळीत टाकलं की शांत."

इंदोऱ्याच्या वस्तीकडून बुद्धपौर्णिमेची गाणी ऐकू येत होती. ती थांबली. दाराबाहेर चांदणं. कुत्रं नाही. वारा नाही. देवाजीनं एक हात दोरीवर ठेवला होता.

दोरी हलकी झाली.

त्याच्या हाताला ते ओळखीचं होतं.

त्यानं वर पाहिलं. गाठ सुटत होती. कोणी ओढत नव्हतं. टोक मागे सरकत होतं... हळू... थांबत थांबत. त्यानं उठायचं ठरवलं. पाय उठेनात. हाक मारायची ठरवली...

टोक सुटलं.

झोळी पडली नाही.

ती खाली आली. कोणीतरी दोन्ही हातांवर घेऊन आणावी, तशी. देवाजीच्या तोंडासमोरून... आणि जमिनीला टेकली.

लेकरू झोपेतच होतं.

मोठेबाबा तांब्यातलं पाणी प्यायले.

"देवाजीची हाक ऐकून मी भिंतीवरून उडी मारून गेलो," ते म्हणाले. "म्हणून हे सांगोवांगी नाही. पोरगं जमिनीवर. त्याचं जावळ ओलं, चपचपीत. कपडे कोरडे. झोळीच्या भोवती पाणी. दारापर्यंत एक थेंब नाही. मी बोट लावून चाखलं."

"कसं होतं?" धाकट्यानं विचारलं.

मोठेबाबांनी तांब्या उचलून चूळ भरली, ती चव अजून तोंडात असल्यासारखी.

"त्यानंतर तो दोन वेढे द्यायले शिकला," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मग काही सुटलं नाही. पुढच्या वर्षी घर विकून उमरेडले गेले."

माझ्या मनात मघापासून एकच गोष्ट अडकली होती.

"मोठेबाबा, त्या माणसाच्या बोचक्यात काय होतं?"

"देवाजीनं सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

"काहून नाही विचारलं? तुम्ही लोक विचारायचं तेच विचारत नाही अन् बाकी सगळं सांगत बसता."

ते उठले. खाली गेले, गाद्यांच्या मागून सुती दोरी काढली आणि माझ्या हातात दिली.

"दोन वेढे दे," ते म्हणाले.

"हो, हो."

घरी आले तर लेकरू रडून निळं पडलं होतं आणि आई माझ्यावर करवादली. मी स्टुलावर चढले. दोरी वीतभर कमी पडली. मोठेबाबांनी मोजूनही दिली नव्हती. ताईनं तिच्या ट्रंकेची दोरी सोडून दिली. ती मी पहिलीला सांधली, झोळी टांगली, लेकरू आत ठेवलं. चार झोके दिले तोवर ते झोपलं.

ताई खाटेवर, मी झोळीशेजारी चटईवर. आई गच्चीवर गेली. दिवा घालवून आडवी झाल्यावर मला गाठ आठवली. आपण किती वेढे दिले? हात अंधारात पुन्हा फिरवून पाहिला. चिमटी. एक वेढा. ओढ.

एकच.

उठून दुसरा द्यावा असं वाटलं. आणि लगेच स्वतःचा राग आला. एम.ए.चे पेपर दिलेली मुलगी एका म्हाताऱ्याच्या गोष्टीवरून रात्री स्टुलावर चढणार. मी कूस बदलली. पण एक हात झोळीखाली ठेवला, उताणा. झोळी कुरकुरत होती. पुढे... मागे...

रात्री कधीतरी कुरकुर थांबली. जागी होते की झोपेत, मला सांगता येणार नाही. हात हलवावा असं वाटलं, हलला नाही. बराच वेळ काहीच आवाज नव्हता.

मग ती पुन्हा सुरू झाली. पुढे... मागे...

मला ताईनं उठवलं. उजाडलं होतं. लेकरू तिच्या मांडीवर दूध पीत होतं, डोकं कोरडं, चेहरा शांत.

"एवढी सलग कधी झोपली नव्हती मी," ताई म्हणाली. "तू उठली होती काय रात्री?"

"नाही."

"मग दोरी कोणं ओली केली वं?"

नवतप्यात पिळलेलं पातळ दांडीवर टाकेपर्यंत वाळतं. मी स्टुलावर चढले. जमीन कोरडी होती. वरची दोरी कोरडी, खालची कोरडी. ओली होती ती फक्त मधली गाठ. घट्ट, नीट बसवलेली, टोकं सारखी केलेली.

मी बोटानं वेढे मोजले. दोन होते.